चार्जर आला, वीज कधी येणार? ईव्ही चार्जिंग स्टेशन रखडू नये म्हणून काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करावं

महामार्गालगतच्या एखाद्या हॉटेलच्या आवारात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला चार्जर उभा असतो. शेजारी ‘लवकरच सुरू होत आहे’ असा फलक. फलकाचा रंग विटतो, प्लॅस्टिक फाटतं, तरी गाडीवाले येऊन परतच जातात. मालकाला विचारलं की उत्तर ठरलेलं : ‘सगळं झालंय हो, फक्त लाईट यायची बाकी आहे.’

या ‘फक्त’मध्ये चार-सहा महिने सहज जातात. त्या काळात जागेचं भाडं चालू असतं, कर्जाचा हप्ता चालू असतो आणि चार्जरची वॉरंटीही सरत असते. चार्जर पैसे भरले की काही आठवड्यांत ट्रकमधून उतरतो. वीज तशी उतरत नाही. तरीही बहुतेक जण आधी चार्जर पसंत करतात, मग जागेचा करार करतात आणि सगळ्यात शेवटी महावितरणच्या दारात जातात. हा क्रम उलटा केला तर बराचसा विलंब मुळात जन्मालाच येत नाही. खाली जे लिहिलंय ते त्या उलट्या क्रमानेच लिहिलंय. मुख्य भर महावितरणच्या क्षेत्रावर आहे. मुंबईत बेस्ट, अदाणी किंवा टाटा पॉवर आणि गोव्यात सरकारी वीज खातं असलं, तरी टप्प्यांचा क्रम फारसा बदलत नाही.

एक गैरसमज आधी काढून टाकू. चार्जिंग स्टेशन चालवायला वीजविक्रीचा परवाना लागत नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केलं, की गाडी चार्ज करून देणं ही सेवा आहे, विजेची विक्री नव्हे. त्यामुळे कोणीही, कुठेही स्टेशन काढू शकतो. ‘परवाना मिळवून देतो’ म्हणणारा एजंट भेटला तर त्याला नमस्कार करून पुढे चला. अडतं ते वीजजोडणी, जागा आणि रस्ता या तीन ठिकाणी.

जागा बघायला जाल तेव्हा आधी डीपी बघा

जागा दाखवणारा माणूस तुम्हाला पार्किंग, झाडं आणि हॉटेलातली गर्दी दाखवेल. तुम्ही मान वर करून तारा बघा. सर्वांत जवळचा डीपी, म्हणजे वीज कमी दाबावर उतरवून देणारं रोहित्र (ट्रान्सफॉर्मर), कुठे आहे, तिथपर्यंत अंतर किती, आणि मधली जमीन कोणाची आहे हे पहिल्याच भेटीत टिपून घ्या. रोहित्राच्या अंगावर नेमप्लेट असते. तिच्यावर क्षमता केव्हीएमध्ये (ढोबळमानाने किलोवॅटच्या जवळपासचं माप) लिहिलेली असते. गावाकडे ६३ किंवा १०० केव्हीएचे डीपी जास्त, शहरात २०० आणि त्याहून मोठे. पाटी गंजली असेल तर लाईनमनला विचारा, त्याला आपले सगळे डीपी पाठ असतात. संध्याकाळी सातच्या सुमाराला त्या डीपीवर किती लोड असतो, फ्यूज वरचेवर जातो का, हेही तोच सांगेल. या दहा मिनिटांच्या गप्पा पुढच्या दहा पत्रांपेक्षा उपयोगी पडतात.

शंभर केव्हीएच्या डीपीवर आधीच निम्म्याहून जास्त गाव असेल, तर त्याच्यावर साठ किलोवॅटचा चार्जर बसणार नाही हे सांगायला अभियंत्याची गरज नाही. तिथे नवा डीपी लागणार, म्हणजे एस्टिमेट, मंजुरी, खांब, रोहित्र असा सगळा प्रवास आला. जागा वाईट आहे असा याचा अर्थ नव्हे. पण भाड्याची घासाघीस करताना आणि उद्घाटनाची तारीख मनात धरताना हे माहीत असलं पाहिजे.

डीपीपेक्षाही महत्त्वाचा प्रश्न फिडरचा, म्हणजे उपकेंद्रातून डीपीपर्यंत येणाऱ्या लाईनचा, आणि तो जवळजवळ कोणी विचारत नाही. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात बऱ्याच ठिकाणी गावठाण फिडर आणि शेतीचा फिडर वेगळे केलेले आहेत. शेतीच्या फिडरवर तीन फेज वीज पाळीने मिळते, साधारण आठ तास, कधी दिवसा तर कधी रात्री. रस्त्याकडेला डोळ्यांसमोर तार दिसते म्हणून जागा घेतली आणि ती तार शेतीची निघाली, तर तुमच्या स्टेशनवर दिवसाचे सोळा तास चार्जर मुका राहील. मग गावठाणाची नाहीतर औद्योगिक फिडरची लाईन दोन-तीन किलोमीटरवरून ओढून आणावी लागते आणि खर्चाचं गणित पार बदलतं. शाखा कार्यालयात जाऊन थेट विचारा : ‘या डीपीला कोणता फिडर आहे, कोणत्या उपकेंद्रातून येतो, आणि त्यावर तीन फेज चोवीस तास असते का?’

व्होल्टेजही मोजून घ्या. फिडरच्या शेवटच्या टोकाला संध्याकाळी व्होल्टेज खूप पडत असेल, तर डीसी (जलद) चार्जर तक्रार करून बंद पडतो. ठेकेदाराकडून भर संध्याकाळी तिन्ही फेज मोजून घ्यायला फार तर अर्धा तास लागतो.

भार किती मागायचा?

सगळ्या लेखातला पैशाचा आणि वेळेचा सर्वांत मोठा निर्णय हाच आहे, म्हणून इथे जरा थांबू.

साठ किलोवॅटचा डीसी चार्जर गाडीला साठ देतो, पण स्वतः त्रेसष्ट-चौसष्ट ओढतो, कारण पाच टक्क्यांच्या आसपास वीज चार्जरच्याच आत उष्णतेत जाते. त्यात दिवे, कॅमेरे, पाण्याची मोटर, एखादी छोटी केबिन धरली की सत्तरीच्या आत बसतं. आता हा आकडा लघुदाबाच्या मर्यादेशी लावून बघा. महावितरणच्या क्षेत्रात लघुदाबावर, म्हणजे एलटीवर, महापालिका हद्दीत १५० किलोवॅटपर्यंत आणि इतरत्र ८० किलोवॅटपर्यंत जोडणी मिळते. त्यापुढे उच्चदाब, म्हणजे एचटी.

यातून काय निघतं? महापालिकेच्या हद्दीबाहेर साठचा एक चार्जर एलटीत आरामात बसतो, साठचे दोन बसत नाहीत. शहरात साठचे दोन किंवा एकशेवीसचा एक चार्जर एलटीत बसतो. एकशेवीसचे दोन मागितले की कुठेही एचटीच घ्यावी लागते.

एलटी आणि एचटीत फरक नुसत्या तारेचा नाही. एचटी घेतली की स्वतःचं रोहित्र, ब्रेकर, मीटरिंग क्युबिकल, कुंपण, विद्युत निरीक्षकांची मंजुरी आणि वरच्या कार्यालयातून भार मंजुरी, एवढं सगळं मागोमाग येतं. म्हणून माझा सल्ला सरळ आहे : पहिलं स्टेशन असेल आणि गाड्यांची वर्दळ अजून अंदाजावरच असेल, तर एलटीच्या आत राहा. साठचा दोन गनचा चार्जर लावा. एक गाडी असेल तेव्हा तिला पूर्ण साठ मिळतील, दोन असतील तेव्हा तीस-तीस. पायाचं काम करताना मात्र दुसऱ्या चार्जरसाठी पाईप आणि चौथरा आत्ताच करून ठेवा, म्हणजे उद्या भार वाढवताना काँक्रीट फोडावं लागत नाही.

इथे कोणी म्हणेल, नव्या गाड्या तर शंभर किलोवॅटच्या वर घेतात. खरं आहे, महिंद्रा बीई ६ सारखी गाडी घेते. पण टियागो ईव्हीसारखी गाडी कितीही मोठ्या चार्जरला लावली तरी स्वतःला झेपेल तेवढंच घेते, आणि तुमच्या रस्त्यावर आज कोणत्या गाड्या धावतात हे टोलनाक्यावर तासभर उभं राहिलात तरी कळेल. मुंबई-पुण्यासारख्या मार्गावर मोठ्या चार्जरचं गणित बसतं. तालुक्याच्या रस्त्यावर एचटीच्या मागे लागून वर्ष घालवण्यात अर्थ नाही.

एचटीच घ्यायची ठरली, तर रोहित्र मागवण्याआधी लाईन किती केव्हीची आहे ते लेखी घ्या. पुण्याच्या भागात २२ केव्हीचं जाळं मोठं आहे, इतरत्र ११ केव्ही सर्रास दिसतं, काही ठिकाणी ३३. अकराचं रोहित्र बावीसवर चालत नाही, आणि ऑर्डर देऊन बनवून घेतलेलं रोहित्र कोणी परत घेत नाही.

जागेचा करार : भाडं कधीपासून?

सातबारा ताजा काढा आणि त्यावरची सगळी नावं वाचा. तीन भावांची जमीन आणि करारावर एकाचीच सही, हे अर्ज परत येण्याचं नेहमीचं कारण. जमीन अकृषिक आहे का, हॉटेलचं बांधकाम मंजूर आहे का, हे बघा. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृत असावाच लागतो. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून घेतलेला कागद वीज कार्यालयात कधी चालून जातो, पण बँकेत आणि कोर्टात चालत नाही.

करारात तीन गोष्टी घालून घ्या. पहिली, भाडं कराराच्या तारखेपासून नव्हे तर वीजपुरवठा सुरू झाल्याच्या तारखेपासून. मालक कुरकुर करेल, तेव्हा मधल्या काळासाठी नाममात्र रक्कम ठरवा. एवढं एक वाक्य घातलं की विलंबाचा अर्धा भार मालकाच्याही खांद्यावर जातो, आणि मग शेजारच्या बांधावर खांब उभा करताना गावातला शब्द तोच टाकतो. दुसरी, मालकाच्या उरलेल्या जमिनीतून केबल आणि खांब नेण्याची, रोहित्र बसवण्याची लेखी संमती. तिसरी, ठरावीक मुदतीत वीज मिळालीच नाही तर करार मोडून अनामत परत घेण्याची मुभा.

जोडणी कोणाच्या नावावर घ्यायची हेही इथेच ठरवा. तुमच्या नावावर घेतलेली बरी, पण त्याआधी त्या जागेवर जुनी थकबाकी आहे का ते तपासा. कधीकाळी तिथे पिठाची गिरणी किंवा वीटभट्टी असते, वीज कायमची तोडलेली असते आणि बिल तसंच राहिलेलं असतं. ती ‘पीडी’ थकबाकी तुमचा अर्ज टाकला की संगणकावर वर येते आणि फाईल तिथेच बसते. मालकाकडून थकबाकी नसल्याचं पत्र आधीच घ्या.

पेट्रोल पंपावर चार्जर लावायचा असेल तर आणखी एक दार ठोठवावं लागतं. पंपाचा आराखडा ‘पेसो’कडून मंजूर असतो (ही पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेची केंद्रीय संस्था, तिचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे). चार्जर टाक्या आणि डिस्पेन्सरपासून धोक्याच्या क्षेत्राबाहेर असला पाहिजे. तेल कंपनीला आधी विचारा, आराखड्यात बदल करून घ्या, मगच चौथरा बांधा.

रस्त्याची परवानगी विसरू नका

राष्ट्रीय महामार्गाला लागून जागा असेल तर आत-बाहेर करायला महामार्ग प्राधिकरणाची किंवा संबंधित यंत्रणेची प्रवेश परवानगी लागते. वेग कमी करण्याची आणि वाढवण्याची मार्गिका, नाली, फलक असं सगळं त्यात येतं. राज्य मार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभाग. ‘हॉटेल वीस वर्षं चाललंय की’ हे उत्तर पुरेसं नाही. वीस वर्षं विनापरवाना चाललेली हॉटेलं कमी नाहीत, आणि तुमचा अर्ज हे त्यांच्याकडे लक्ष जाण्याचं निमित्त ठरतं. हॉटेलच्या परवानगीची प्रत मागा, ती नसेल तर विलंबाचे महिने आताच धरून ठेवा. समृद्धी किंवा मुंबई-पुणे द्रुतगतीसारख्या रस्त्यांवर तर बाजूच्या शेतातून दार काढताच येत नाही. तिथे स्टेशन काढायचं तर मार्गालगतच्या सुविधा केंद्रांतच जागा मिळवावी लागते.

तुमच्या विजेची केबल रस्ता ओलांडून येणार असेल तर त्याची परवानगी निराळी. ती प्रवेश परवानगीबरोबरच मागून ठेवा. दोन अर्ज एकाच वेळी फिरले तर बिघडत नाही, एकामागून एक फिरले तर हंगाम जातो.

अर्ज आणि कोटेशन

अर्ज ऑनलाइन करता येतो. वर्गवारी निवडताना ‘ईव्ही चार्जिंग स्टेशन’च निवडा. राज्य वीज नियामक आयोगाने या वापरासाठी स्वतंत्र दर ठेवला आहे. घाईत ‘व्यावसायिक’ निवडलं तर पुढे वर्गवारी बदलायला पुन्हा अर्ज, पुन्हा तपासणी. हॉटेलच्या आहे त्या मीटरवरून वायर ओढून सार्वजनिक स्टेशन चालू करण्याचा मोह तर अजिबात नको. मंजूर कारणाखेरीज वीज वापरली असा शेरा बसला तर दंडाचं बिल येतं.

कायदा ग्राहकाच्या बाजूचा आहे. वीज ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार नवी जोडणी महानगर क्षेत्रात ३ दिवसांत, इतर नगर क्षेत्रांत ७ दिवसांत आणि ग्रामीण भागात १५ दिवसांत द्यायची आहे, डोंगराळ ग्रामीण भागात ३० दिवसांत. वीज कायदा २००३ च्या कलम ४३ मध्ये मुदत चुकवली तर दिवसाला हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हे वाचून लोक कॅलेंडरवर तारखा मांडतात आणि मग चिडतात. दोन अटी लक्षात घ्या. ही मुदत अर्ज सर्व कागदांसह पूर्ण झाल्यापासून मोजतात. आणि लाईन वाढवायची, नवा डीपी उभारायचा असेल तर हे तीन-सात-पंधरा दिवस लागू होत नाहीत, त्याला वेगळा आणि मोठा कालावधी असतो.

म्हणून पहिलं काम : अर्जात एकही कागद कमी ठेवायचा नाही. एक कागद राहिला की त्रुटीचं पत्र येतं आणि दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. ओळखपत्र, नोंदणीकृत करार, सातबारा किंवा मालमत्तेचा उतारा, मालकाची संमती, परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल, चार्जरच्या क्षमतेचं पत्रक, जागेचा नकाशा आणि त्यावर जवळच्या डीपीची खूण. शेवटचं कोणी मागत नाही, पण दिलं की सर्व्हेला येणाऱ्या अभियंत्याचं काम निम्मं होतं.

अर्जानंतर शाखा अभियंता जागेवर येतो, तांत्रिक व्यवहार्यता बघतो, एस्टिमेट बनवतो. भार जितका मोठा तितकी फाईल वर जाते : उपविभाग, विभाग, मंडल. ‘फाईल सर्कलला गेलीय’ हे वाक्य ऐकलं की आवक क्रमांक आणि तारीख मागून घ्या. तोंडी ‘साहेब बघतो म्हणाले’ ही मंजुरी नव्हे. सर्व्हेच्या दिवशी स्वतः हजर राहा, नाहीतर ठेकेदाराला ठेवा. खांब कुठून येईल यावर जागेवर बोलणं झालं नाही, तर एस्टिमेट चुकीच्या मार्गाने बनतं आणि दुरुस्तीला तेवढेच आठवडे जातात.

मंजुरीनंतर कोटेशन, म्हणजे भरायच्या रकमेचं पत्र, येतं. ते त्याच दिवशी भरा. कोटेशनला मुदत असते, आणि ती टळली की पुन्हा रांगेत.

काम कोण करणार?

इथे निवड असते. एक, महावितरण स्वतः काम करेल, तुम्ही ठरलेला जोडणी आकार भरायचा. दोन, काम तुम्ही मान्यताप्राप्त ठेकेदाराकडून करून घ्यायचं आणि महावितरणला एस्टिमेटच्या १.३ टक्के देखरेख शुल्क भरायचं. फक्त तुमच्यासाठीच वेगळी लाईन किंवा डीपी लागत असेल, तर बोलीभाषेत ज्याला ‘डीडीएफ’ म्हणतात तो प्रकार येतो.

पहिल्या मार्गात खिशाला चटका कमी, पण खांब, केबल आणि रोहित्र भांडारात कधी येईल त्यावर सगळं अवलंबून. दुसऱ्यात पैसा जास्त जातो, वेग आपल्या हातात राहतो. दरमहा भाडं भरायचं असेल तर मी दुसरा मार्ग धरेन. जागा स्वतःची असेल आणि घाई नसेल तर पहिला. ठेकेदार निवडताना स्वस्तातला बघू नका. त्या उपविभागात ज्याने आधी कामं केली आहेत, त्याला साहित्य कोणत्या मान्य कंपनीचं लागतं, तपासणी कोण करतं, शटडाऊन कोणत्या वारी मिळतो हे माहीत असतं.

शटडाऊन हा एक स्वतंत्र टप्पाच समजा. तुमची लाईन चालू लाईनला जोडताना फिडर बंद ठेवावा लागतो. परीक्षांचे दिवस, सण, कडक उन्हाळा, मोठा पाऊस यांत तो सहजी मिळत नाही. काम संपायच्या आधीच तारीख मागून ठेवा.

वेळापत्रक आखताना पावसाळा डोक्यात ठेवा. शहरांत महापालिका पावसाळ्यात रस्ता खोदू देत नाही. जमिनीखालून केबल यायची असेल आणि मेपूर्वी खोदाईची परवानगी हातात नसेल, तर पावसाळा संपेपर्यंत थांबणं आलं. मुंबईत बहुतेक जाळं जमिनीखाली असल्याने तिथे विलंबाचं हे पहिल्या क्रमांकाचं कारण. ग्रामीण भागात पाऊस वेगळ्या तऱ्हेने अडवतो : शेतात पीक उभं असतं, आणि खांबाचा खड्डा घ्यायला कोणी शेतकरी पिकात पाय ठेवू देत नाही. त्याचंही बरोबरच आहे. खरीप निघाल्यावर आणि रब्बी पेरण्याआधीची फट साधा, आणि नुकसानभरपाई आधी बोलून घ्या.

चार्जरची ऑर्डर : कोटेशन भरल्यानंतर

चार्जर निवडून ठेवा, दर ठरवून ठेवा, पण मोठी रक्कम कोटेशन भरल्यानंतरच द्या. आणि ऑर्डरमध्ये एक अट घाला : वॉरंटी माल पाठवल्यापासून नव्हे, चार्जर जागेवर सुरू केल्यापासून. विक्रेते खळखळ करतात, मग ‘पाठवल्यापासून अमुक महिने किंवा सुरू केल्यापासून अमुक महिने’ अशी मधली वाट निघते.

आयएस १७०१७ या भारतीय मानकाप्रमाणे चाचणी झाल्याचा अहवाल मागा. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेचा अहवाल असेल तर उत्तम. मोटारींसाठी आज सीसीएस-२ गन लागते. चार्जर ओसीपीपी, म्हणजे चार्जर आणि अॅप यांच्यातल्या संवादाच्या खुल्या प्रणालीवर चालतो का हे विचारा, नाहीतर उद्या अॅपवाली कंपनी बदलायची म्हटली तर चार्जरच बदलावा लागेल. अनुदानाचा विचार असेल तर आणखी सावध राहा. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंगसाठी २,००० कोटी रुपये ठेवले आहेत आणि सुमारे ७२,३०० चार्जरचं लक्ष्य आहे, पण योजनेची पात्रता आणि अटी वाचल्याशिवाय ते पैसे हिशेबात धरू नका. ‘सबसिडी येईल मग काम सुरू करू’ म्हणून थांबलेली स्टेशनंही रखडलेल्यांतच मोजावी लागतात.

निरीक्षक, मीटर, चाचणी

एचटी जोडणी किंवा स्वतःचं रोहित्र असेल तर विद्युत निरीक्षक कार्यालयाकडे नकाशे आधी द्यावे लागतात, काम झाल्यावर तपासणी होते आणि मग विद्युतभारित करण्याची परवानगी मिळते. हे कार्यालय महावितरणचं नाही, राज्य शासनाचं आहे, त्यामुळे महावितरणमधली ओळख इथे कामाला येत नाही. तपासणीत नेहमी सापडणाऱ्या गोष्टी अगदी साध्या असतात : धोक्याची पाटी नाही, रबरी मॅट नाही, कुंपणाला अर्थिंग नाही, रोहित्राभोवती अंतर कमी. पुन्हा तपासणीला येईपर्यंत आठवडे जातात, आणि हुकलेल्या वस्तू दोन-चार हजारांच्या असतात.

मीटर नाही म्हणून काम अडलं तर विचारून बघा : मान्य कंपनीचा मीटर ग्राहक स्वतः खरेदी करून महावितरणच्या प्रयोगशाळेत तपासून घेऊ शकतो.

मग तो दिवस येतो. मीटर लागला, वीज आली, सगळे चार्जरभोवती गोळा झाले. गन गाडीला लावली, पडद्यावर हिरवी रेघ सरकायला लागली, वीस सेकंद गेले आणि खट् करून सगळं बंद. पडद्यावर ‘अर्थ फॉल्ट’. डीसी चार्जर अर्थिंगच्या बाबतीत फार चोखंदळ असतो. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टच्या वर फरक दिसला की अनेक चार्जर काम नाकारतात. कोकणातला जांभा असो की देशावरचा कातळ, अशा जमिनीत एका खड्ड्यात काम भागत नाही. दोन-तीन केमिकल अर्थिंग जोडून घ्यावे लागतात. म्हणून अर्थिंग चार्जर येण्याआधी करा आणि मोजमापाचा कागद ठेकेदाराकडून घ्या, उन्हाळ्यात मोजलेला असेल तर जास्त भरवशाचा.

दुसरा अडथळा त्याहून क्षुल्लक : रेंज. चार्जर अॅपशी बोलतो तो सिमकार्डावरून. घाटात, तळघरात, पत्र्याच्या शेडमागे सिग्नल येत नाही, आणि वीज असूनही गाडीवाल्याचं पेमेंट होत नाही. चौथऱ्याची जागा ठरवतानाच मोबाईल हातात धरून दोन-तीन कंपन्यांची रेंज बघा. नाहीच आली तर हॉटेलच्या ब्रॉडबँडची वायर ओढायची तयारी ठेवा.

फाईल हलतच नसेल तर

आधी लेखी विचारा, ईमेलने, अर्ज क्रमांक घालून, आणि उत्तरासाठी मुदत देऊन. मग महावितरणच्या अंतर्गत तक्रार निवारण कक्षाकडे जा. तिथे समाधान झालं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, आणि त्याच्यावर विद्युत लोकपाल. लोकपालांची कार्यालयं मुंबई आणि नागपूरला आहेत. वकील लावायलाच हवा असं नाही. तारखांचा तक्ता आणि पोचपावत्या व्यवस्थित लावलेल्या असल्या तर तुमचं प्रकरण स्वतःच बोलतं. राज्यात चार्जिंग सुविधांसाठी समन्वय यंत्रणा म्हणूनही महावितरणच नेमलेली आहे, तेव्हा मुख्यालयातल्या ईव्ही कक्षाला प्रत टाकायला विसरू नका.

मंचाकडे जायला लोक कचरतात, ‘उद्या त्याच साहेबांकडे काम आहे’ म्हणून. भीती समजण्यासारखी आहे. पण नियमांचा आधार घेऊन, आवाज न चढवता लिहिलेलं पत्र बहुतेक अभियंत्यांना आवडतं. वरच्या कार्यालयाकडून साहित्य मागायला त्यांनाही असा कागद हवाच असतो.

सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात

स्टेशनची नोंद केंद्राच्या ‘ईव्ही यात्रा’ पोर्टलवर आणि नकाशांच्या अॅपवर करा. वेळ, गनचा प्रकार आणि किलोवॅट अचूक टाका. ‘चोवीस तास’ लिहून रात्री फाटकाला कुलूप लावलं, तर पहिल्या आठवड्यातच शेरे खराब होतात आणि ते पुसायला वर्ष लागतं.

पहिलं वीजबिल मात्र अकाउंटंटकडे देण्याआधी स्वतः वाचा. वर्गवारी ईव्हीची आहे का, करारित मागणी तुम्ही मागितली तेवढीच आहे का, आणि सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) लावलेल्या मीटरचा गुणक, म्हणजे रीडिंगला ज्याने गुणायचं तो आकडा, बरोबर धरलाय का. बिलातली एकूण युनिट्स आणि चार्जरच्या सॉफ्टवेअरमधली विकलेली युनिट्स शेजारी ठेवा. चार्जरमधली गळती, दिवे, पंखे मिळून फरक आठ-दहा टक्क्यांच्या आत बसायला हवा. दुप्पट-तिप्पट दिसला तर गुणक चुकलाय. त्याचा अर्ज त्याच आठवड्यात द्या, कारण दुरुस्ती होईपर्यंत पुढची बिलंही त्याच गुणकाने येत राहतील.